गावची टाकी आणि स्वयंचलित क्लोरीन यंत्र

सकाळचे सहा वाजलेले असतात. गावच्या जलकुंभाच्या लोखंडी शिडीवरून एक माणूस एका हातात बादली सांभाळीत वर चढत असतो. बादलीत टीसीएल पावडरचे द्रावण असते आणि खाली नळकोंडाळ्यावर हंड्यांची रांग लागलेली असते. महाराष्ट्रातील असंख्य गावांत पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण वर्षानुवर्षे याच रीतीने होत आले आहे. या माणसाला शासनदरबारी जलसुरक्षक म्हणतात. गावकरी त्याला पाणी सोडणारा म्हणतात, आणि पाणी उशिरा आले त्या दिवसाखेरीज त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

नियमाप्रमाणे त्याचे काम असे असते. आवश्यक तेवढी पावडर थोड्या पाण्यात कालवून तिचा लगदा करावयाचा, मग बादली भरून ढवळावयाची, अर्धा तास गाळ खाली बसू द्यावयाचा आणि वरचे निवळ द्रावण तेवढे टाकीत ओतावयाचे. त्यानंतर आणखी अर्धा तास टाकीतील पाणी सोडावयाचे नाही. हे सारे शिस्तीने घडले तर या पद्धतीत वावगे काहीच नाही. परंतु प्रत्यक्षात वीज रात्री दोन वाजता येते, टाकी भरत असतानाच गावात पाणी सोडावे लागते, आणि बादलीतील द्रावण टाकीतल्या पहिल्या पाण्यात मिसळून पहिल्या आळीत निघून जाते. पहिल्या घरांना औषधाचा उग्र वास येतो. त्यानंतर टाकीत येत राहिलेल्या पाण्याला क्लोरीनचा स्पर्शही झालेला नसतो. शिवाय पावसाळ्यात, म्हणजे निर्जंतुकीकरणाची गरज सर्वाधिक असते त्याच दिवसांत, ती लोखंडी शिडी निसरडी होते. माणूस आजारी पडतो, लग्नाला परगावी जातो, आणि त्या दिवशी टाकीत काहीच पडत नाही.

हा खंड पडू नये यासाठी जे साधन योजले जाते ते म्हणजे स्वयंचलित क्लोरीन यंत्र. अनेक पाणीपुरवठा योजनांवर ते आता बसविलेले दिसते. यंत्र काय करते हे समजून घेणे जितके अगत्याचे आहे, तितकेच ते काय करीत नाही हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. किंबहुना ग्रामपंचायतीच्या दृष्टीने हा दुसरा भागच अधिक महत्त्वाचा मानावा लागेल.

मागणी आणि शिल्लक

पाण्यात क्लोरीन सोडला की तो सर्वप्रथम पाण्यातील मातीचे सेंद्रिय कण, शेवाळ, लोह, अमोनिया यांच्याशी झगडण्यात खर्ची पडतो. या खर्चाला क्लोरीनची मागणी म्हणतात. ही मागणी भागल्यावर जो उरतो त्याला शिल्लक क्लोरीन, म्हणजे अवशिष्ट क्लोरीन, असे नाव आहे. जंतूंचा नाश करण्याची आणि पुढे वाटेत शिरणाऱ्या घाणीला तोंड देण्याची खरी ताकद या शिल्लकेत असते. घरखर्च भागवून गाठीला चार पैसे उरावेत तसाच हा प्रकार आहे. मिळकत किती यापेक्षा उरले किती हे पाहावयाचे असते.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त शिल्लक क्लोरीन असावा लागतो. साथीचा धोका असेल, विशेषतः विषाणूंपासून संरक्षण हवे असेल, तर हे प्रमाण ०.५ मिलिग्रॅम राखावे असे सांगितले आहे. दर लिटरला एक मिलिग्रॅम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. हिशेब एवढा सोपा आहे. क्लोरीनला आपले काम करण्यास वेळही लागतो. तो साधारण अर्धा तास धरतात. पाणी जितके अल्कधर्मी तितका क्लोरीन दुर्बळ होतो, आणि पाणी गढूळ असेल तर मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत तो पोहोचतच नाही. म्हणून गढूळ पाणी आधी तुरटीने निवळवून, शक्य तर गाळून, मगच क्लोरीनकडे न्यावयाचे असते.

विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लिचिंग पावडर, ही मूळची कापड पांढरे करण्याच्या धंद्यातली वस्तू. स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट याने १७९९ साली तिचे एकस्व घेतले. पाणीपुरवठ्यात तिचा अखंड वापर होण्यास त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. इंग्लंडमधील लिंकन शहरात विषमज्वराची मोठी साथ आली तेव्हा १९०५ साली डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी शहराच्या पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावण सतत सोडण्याची व्यवस्था केली. पुढे २६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यासाठी बूंटन येथील जलाशयावर असेच केंद्र सुरू झाले. डॉ. जॉन लील यांची ती कल्पना होती आणि जॉर्ज फुलर या अभियंत्याने आराखडा तयार केला होता. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात रसायन घालणे योग्य की अयोग्य, यावर तेथे न्यायालयात साक्षीपुरावे झाले आणि अखेर ही पद्धत ग्राह्य ठरली. या केंद्रात विजेचे कोणतेही नाजूक उपकरण नव्हते. द्रावणाची पातळी एकाच उंचीवर राखणारी पेटी आणि तिला ठरावीक मापाचे छिद्र, एवढ्यावर मात्रा सांभाळली जात असे. आजही गावपातळीवरचे सर्वांत भरवशाचे यंत्र बहुधा इतकेच साधे असते.

यंत्रांचे प्रकार

सर्वांत साधे साधन तर यंत्र म्हणवण्याजोगेही नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विहिरींसाठी दुहेरी मडक्याची पद्धत सुचविली. एका मडक्यात दुसरे लहान मडके, दोहोंना एकेक छिद्र, आणि आतल्या मडक्यात १ किलो ब्लिचिंग पावडर व २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण. ही जोडी विहिरीत पाण्याच्या पातळीखाली किमान एक मीटर सोडून टांगावयाची. पाणी छिद्रांतून आतबाहेर झिरपते आणि क्लोरीन हळूहळू विहिरीत उतरत राहतो. सुमारे साडेचार हजार लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीला अशी एक जोडी दोन ते तीन आठवडे पुरते. ज्या वाडीवर नळयोजना नाही, तेथे या मडक्यांचे मोल आजही कमी झालेले नाही.

टाकीसाठी याच तत्त्वावर चालणारे साधन म्हणजे बॉलकॉक बसविलेले प्लॅस्टिकचे पिंप. द्रावणाची पातळी बॉलकॉकमुळे कायम राहते आणि तोटीतून ठरावीक वेगाने थेंब टाकीत पडत राहतात. गोळ्यांचे उपकरणही असेच विजेवाचून चालते. नळीच्या मार्गावर बसविलेल्या नळकांड्यात क्लोरीनच्या घट्ट गोळ्या रचलेल्या असतात. त्यांना स्पर्शून जाणारे पाणी गोळ्या झिजवते, आणि पाणी वाढले की झीजही वाढते. बांगलादेशात ढाका परिसरातील दाट वस्त्यांमध्ये सामाईक पाण्याच्या ठिकाणी अशी उपकरणे बसवून त्यांची शास्त्रीय पाहणी करण्यात आली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार पाच वर्षांखालील बालकांमधील अतिसाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले. विशेष म्हणजे तेथे घरातल्या कोणालाही पाण्यात काही टाकण्याची तसदी घ्यावी लागली नव्हती.

विजेवर चालणाऱ्या साधनांत डोसिंग पंप सर्वाधिक आढळतो. हा एक लहानसा पंप असून त्यातील रबरी पडदा मागेपुढे होतो आणि प्रत्येक ठोक्याला सोडियम हायपोक्लोराइटचे ठरावीक द्रावण मुख्य नळीत ढकलले जाते. ठोक्यांची संख्या आणि ठोक्याची लांबी एका चकतीने कमीजास्त करता येते. हा पंप बसविताना दोन गोष्टी कटाक्षाने पाहाव्या लागतात. पहिली गोष्ट जोडणीच्या जागेची. द्रावण विहिरीकडून टाकीकडे जाणाऱ्या उर्ध्ववाहिनीत सोडावे, म्हणजे टाकी भरेपर्यंत ते पाण्यात नीट मिसळते आणि अर्ध्या तासाचा संपर्ककाळ टाकीतच मिळतो. दुसरी गोष्ट विजेची. पाण्याचा मोठा पंप तीन फेजवर आणि डोसिंग पंप एका फेजवर चालतो. दोन्ही वेगवेगळ्या बटणांवर ठेवले तर केव्हा ना केव्हा मोठा पंप चालू आणि छोटा बंद अशी स्थिती होणारच. कित्येक ठिकाणी छोट्या पंपाचा फ्यूज उडालेला असतो आणि ते आठवडाभर कोणाच्या ध्यानीही येत नाही. यासाठी दोहोंची जोडणी अशी करवून घ्यावी की छोटा पंप चालत नसेल तर मोठा सुरूच होऊ नये. निविदेत ही अट घालण्यास फारसा जादा खर्च येत नाही. मागाहून बदल करवून घेण्यास मात्र येतो.

मिठापासून जागच्या जागी क्लोरीन तयार करणारे इलेक्ट्रो-क्लोरिनेटर हा यापुढचा टप्पा होय. मिठाच्या सौम्य पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की मिठाचे विघटन होते आणि सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे ०.८ टक्के तीव्रतेचे द्रावण तयार होते. एक किलो क्लोरीन मिळविण्यास साधारणतः तीन ते साडेतीन किलो मीठ आणि पाच युनिटच्या आसपास वीज लागते. दोन हजार वस्तीच्या गावाचे उदाहरण घेऊ. जलजीवन मिशनच्या मापाने दरडोई ५५ लिटर धरले तर रोजचे पाणी १ लाख १० हजार लिटर होते. हजार लिटरला १.६५ ग्रॅम क्लोरीन या मात्रेने रोज सुमारे १८० ग्रॅम क्लोरीन लागेल. म्हणजे रोजचा खर्च सहाशे-साडेसहाशे ग्रॅम मीठ आणि जेमतेम एक युनिट वीज. ज्या राज्याच्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या मिठागरे पिकत आली आहेत, तेथे हा हिशेब पटण्यास अडचण पडू नये. मात्र मिठागरातले खडे मीठ जसेच्या तसे यात चालत नाही. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर विद्युत-पट्ट्यांवर चढतो आणि यंत्राची ताकद घटत जाते. शुद्ध केलेले मीठ वापरणे आणि पट्ट्या वेळोवेळी साफ करणे याला पर्याय नाही. या क्रियेत हायड्रोजन वायूही निर्माण होतो. तो ज्वालाग्राही असल्याने यंत्राची खोली हवेशीर ठेवावी आणि तेथे विडी-काडीस सक्त मज्जाव असावा.

परदेशात, विशेषतः ऑस्ट्रेलियात, घरोघरच्या पोहण्याच्या तलावांवर याच तत्त्वाची यंत्रे बसविलेली असतात आणि ती बाजारात सहज मिळतात. तेव्हा तेच यंत्र गावच्या टाकीला का लावू नये, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु पोहण्याच्या तलावातील पाणी पुन्हा पुन्हा त्याच यंत्रातून फिरते. आज मात्रा कमी पडली तर उद्याच्या फेरीत भरून निघते. शिवाय त्या तलावाच्या पाण्यातच मीठ विरघळवलेले असते, जे पिण्याच्या पाण्यात करता येत नाही. गावच्या नळातले पाणी यंत्राजवळून एकदाच जाते आणि ते परत येत नाही. तेथे चूक दुरुस्त करण्यास दुसरी फेरी नसते. तलावासाठीच्या गोळ्यांचेही तसेच. क्लोरीन उन्हाने उडून जाऊ नये म्हणून त्यांपैकी बहुतेकींत सायन्युरिक आम्लाचा अंश असतो. पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित केलेल्या गोळ्याच घ्याव्यात, दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये.

यंत्राला न दिसणारे

यंत्र बसले, मीठ आले, टाकीतल्या पाण्यात क्लोरीन आढळला, म्हणजे काम संपले असा समज सर्वत्र आढळतो. समजा, टाकीच्या तळाशी घेतलेल्या नमुन्यात शिल्लक क्लोरीन ०.८ मिलिग्रॅम आहे. गावाच्या मध्यावर चावडीजवळच्या नळाला तो ०.५ भरतो. शेवटच्या वस्तीवरच्या नळाला मात्र शून्य. यंत्र आपले काम चोख बजावीत आहे आणि तरीही त्या शेवटच्या वस्तीतली मुले असुरक्षित पाणी पीत आहेत. यंत्राला किती सोडावयाचे तेवढे ठाऊक असते. किती उरले हे त्याला दिसत नाही.

अशा वेळी पहिला मोह मात्रा वाढविण्याचा होतो. त्याने टाकीजवळच्या घरांना वास असह्य होतो, तेथून तक्रारी येतात, आणि मग कोणीतरी यंत्रच बंद करतो. वस्तुतः ०.५ वरून एकदम शून्यावर येणे याचा अर्थ चावडी आणि शेवटची वस्ती यांच्या दरम्यान काहीतरी क्लोरीन खाऊन टाकीत आहे, एवढाच असतो. ते शोधण्यासाठी नळीच्या मार्गाने चालत जावे लागते. बहुधा एखादा व्हॉल्व्हचा खड्डा सांडपाण्याने भरलेला सापडतो. कोठे नळी उघड्या गटारातून गेलेली असते आणि तिच्या जोडातून पाणी ठिबकत असते. दिवसातून तासभरच पाणी येणाऱ्या गावात नळी उरलेला सारा वेळ रिकामी असते. पाणी बंद होताना नळीत जी पोकळी निर्माण होते ती बाहेरची घाण त्याच जोडातून आत ओढून घेते. त्यातच कोणी नळाला थेट विद्युत मोटार लावली असेल तर ही ओढ कितीतरी पटीने वाढते. पाण्याच्या मोटारींचा प्रश्न एरवी वाटपातील अन्यायाचा म्हणून ग्रामसभेत निघतो. तो आरोग्याचाही आहे हे सहसा बोलले जात नाही.

म्हणून शिल्लक क्लोरीन मोजण्याची जागा टाकी नव्हे, शेवटचा नळ होय. मोजण्याचे साधनही अवघड नाही. क्लोरोस्कोपच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यावयाचे, त्यात ऑर्थोटोलिडीनचे सांगितलेले थेंब टाकावयाचे आणि येणारा पिवळा रंग तक्त्याशी ताडून पाहावयाचा. यालाच ओ.टी. चाचणी म्हणतात. रंग लगेच पाहावा. वेळ गेल्यावर येणाऱ्या रंगात संयुक्त क्लोरीनचाही वाटा असतो आणि आकडा फसवा मोठा दिसतो. ऑर्थोटोलिडीन हे द्रव्य कर्करोगास कारण होण्याचा संशय असल्याने ते हाताला लागू देऊ नये आणि चाचणीनंतरचे पाणी पिण्याच्या भांड्याजवळ फेकू नये. शाळेत विद्यार्थ्यांना प्रयोग दाखवावयाचा असेल तर गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळ्यांची चाचणी अधिक श्रेयस्कर. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्यांपैकी एक तरी महिला शेवटच्या वस्तीत राहणारी असावी, इतकी दक्षता ग्रामपंचायतीने घेतली तरी पुष्कळ साधेल.

मात्रेबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. मार्चमध्ये विहिरीचे पाणी नितळ असताना यंत्राची चकती जेथे लावली, तेथेच ती जुलैतही राहिली तर ते अपुरे पडते. पहिल्या पावसानंतर विहिरीत आणि नदीत जी माती येते तिच्यामुळे क्लोरीनची मागणी एकाएकी वाढते. पावसाळ्याच्या आरंभी निदान पहिले दोन-तीन आठवडे तरी रोज मोजून चकती पुन्हा लावावी लागते. यंत्र पुरविणारा कारागीर हे काम करण्यास येणार नाही. तो येतो तेव्हा बहुधा उन्हाळा असतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे लक्षणसमूहाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. तेव्हा शिल्लक क्लोरीन हा शब्द शहरातील घरोघरी पोहोचला. ते दिवस हिवाळ्याचे होते. पावसाळा सरला म्हणजे धोका सरला, असे मानता येत नाही हेही त्यातून दिसून आले.

पावडरची पत

यंत्र आले तरी टीसीएल पावडर गावातून जाणार नाही आणि जाऊही नये. वीज चार दिवस नसेल, यंत्र दुरुस्तीला गेले असेल, टाकी धुऊन काढावयाची असेल, तर तिचाच आधार असतो. ताज्या पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. राज्यात हजार लिटर पाण्याला ५ ग्रॅम पावडर हे प्रमाण रूढ आहे ते या ताज्या पावडरचे. त्यातून हजार लिटरला १.६५ ग्रॅम क्लोरीन मिळतो. हीच पावडर दमट खोलीत पोते उघडे टाकून ठेवली आणि तिच्यातील क्लोरीन २० टक्क्यांवर आला, तर त्याच पाच ग्रॅममधून एकच ग्रॅम मिळतो. तेवढाच परिणाम साधण्यास मग सव्वाआठ ग्रॅम पावडर टाकावी लागेल. २० टक्क्यांहून कमी पत असलेली पावडर वापरू नये असे आरोग्य विभागाचे सांगणे आहे. पावडरचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवून तिची पत जाणून घेता येते. वरील दोन हजार वस्तीच्या गावाला केवळ पावडरीवर भागवावयाचे तर वर्षाला सुमारे २०० किलो लागेल. परंतु ती एकदम वर्षाची विकत घेण्यात शहाणपणा नाही; दर दोन-तीन महिन्यांनी ताजी घ्यावी, तारीख पाहून घ्यावी, आणि डबा घट्ट लावून, लाकडी फळीवर, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावा. बाजारातील हायपोक्लोराइटचे द्रावण तर उष्णतेने आणि उन्हाने पावडरपेक्षाही लवकर उतरते.

साठवणीची खोली वेगळी असावी, यात संकोच नको. ग्रामपंचायतीच्या कोठीत एका कोपऱ्यात टीसीएलचे पोते, शेजारी रॉकेल किंवा डिझेल, पलीकडे खताच्या गोण्या, असे दृश्य विरळा नाही. अशा संगतीतून आग लागण्याचा धोका असतो. पट्ट्यांवरचा थर काढण्यासाठी आम्ल वापरताना ते हायपोक्लोराइटच्या किंवा पावडरच्या संपर्कात आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून आधी सारे द्रावण काढून टाकून पाण्याने भरपूर धुवावे, मगच आम्ल घ्यावे. दोन वेगळ्या जातींच्या क्लोरीन गोळ्याही कधी एकत्र करू नयेत. काम करणाऱ्यास रबरी हातमोजे, चष्मा आणि तोंडावर बांधण्यास कापड द्यावे. ही सामग्री थोडक्या पैशांत येते. तरीही खरेदीच्या यादीत ती बहुधा सर्वांत शेवटी येते आणि तेथेच गळते.

क्लोरीनच्या मर्यादाही स्पष्ट सांगितलेल्या बऱ्या. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काही ठिकाणी भूजलात फ्लोराइड अधिक आहे. खतांमुळे कित्येक विहिरींत नायट्रेट वाढलेले असते. या दोहोंवर क्लोरीनचा काडीमात्र उपाय चालत नाही. क्लोरीन आणि सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगाने काही नको असलेली संयुगे बनतात हे खरे आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेचे मत असे आहे की, निर्जंतुकीकरण नीट न केल्याने ओढवणाऱ्या धोक्यापुढे तो धोका अत्यल्प होय, आणि त्या भीतीने क्लोरीन कमी करू नये. वासाची तक्रार करणाऱ्यांना मात्र उडवून लावू नये. काहींना लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही वास जाणवतो. मात्रा एकसारखी राहिली तर लोक त्या वासाला सरावतात. एक दिवस उग्र आणि तीन दिवस काहीच नाही, असे झाले की सरावत नाहीत. यंत्राचा मोठा फायदा खरे तर येथेच आहे.

वर्षातून दोन वेळा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतींना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड दिले जाते. कार्ड हिरवे मिळाले म्हणजे उरलेले सहा महिने सारे आलबेल असते असे नाही. ते त्या त्या वेळच्या पाहणीचे फळ असते. मधल्या काळाची साक्ष देण्यास नोंदवहीच हवी. तिच्यात तारीख, टाकीजवळचा आकडा, शेवटच्या नळाचा आकडा आणि चकती कोठे लावली आहे त्याची नोंद, एवढे चार रकाने पुरे आहेत. जेथे सलग दोन दिवस शेवटच्या नळाचा आकडा ०.२ च्या खाली जाईल, तेथे नळीची पाहणी करण्याचे काम कोणाचे, हे ग्रामपंचायतीच्या ठरावातच नमूद करून ठेवावे.

खर्चाचा प्रश्न यंत्राच्या किमतीपाशी थांबत नाही. यंत्र योजनेतून वा निधीतून मिळून जाते; त्याचा रबरी पडदा, नळ्या, झडपा आणि काही वर्षांनी बदलाव्या लागणाऱ्या विद्युत-पट्ट्या पाणीपट्टीतून घ्याव्या लागतात. यंत्र ताब्यात घेतानाच एक पडदा आणि झडपांचा एक जादा संच मागून घ्यावा, आणि तो कोठे ठेवला आहे हे जलसुरक्षकाखेरीज आणखी एकास ठाऊक असावे. त्या दुसऱ्या माणसाने वर्षातून निदान काही दिवस यंत्र प्रत्यक्ष चालवावे, शेवटच्या नळाचे पाणी स्वतः तपासावे आणि वहीत आपली सही करावी. जलसुरक्षक लग्नाला परगावी जाईल त्या दिवशी यंत्र चालू आहे की नाही हे पाहण्यास तोच असणार आहे.